अंदाज नावाचा पंच

आमच्या ह्यांना अर्धं पनवेल ‘पंचकाका’ म्हणतं. नाव महादेव, पण ते रेशनकार्डावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं नोकरी झाली, खांबांवर चढून चढून गुडघे गेले, पण त्या नोकरीवरून कोणी हाक मारली असेल तर शपथ. कबड्डीचे पंच, बस्स. थंडी सुरू झाली की चाळीस वर्षं रविवार आमचा नसायचाच. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, की निघाले. माझ्या माहेरची निम्मी लग्नं मी एकटीनं उरकली. ‘जावई कुठे?’ म्हणून कोणी विचारलं की मी सांगायचे, ‘रेषेवर उभे आहेत.’

मी शशिकला, त्यांची बायको. रागीट आहे, हे आधीच सांगून ठेवते. यंदाच्या जानेवारीत त्या रेषेवर जे घडलं, त्यानंतर आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. आमच्या एकेचाळीस वर्षांच्या संसारातला तो विक्रम आहे. पण हा माणूस असा का, ते कळायचं तर आधी थोडं मागं जायला हवं.

हे मूळचे मिठागरावरचे. खाडीकाठी त्यांचं गाव होतं. आता ते विमानतळात गेलं आणि सगळी भावकी पांगली. माझ्या सासूबाई, भामाबाई, मिठागरावर कामाला जायच्या. मीठ धरायला लागलं की वाफ्यातल्या पाण्यावर दुधावर येते तशी पातळ साय येते. तिच्यात पाय पडला की त्या वाफ्याची सगळी मेहनत वाया. हे सहा वर्षांचे असताना खेकड्यामागं धावत दिनानाथ म्हणून एकांच्या वाफ्यातून आरपार गेले. भर दुपार, चिटपाखरू नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंनी पायांवरचं पांढरं पाहिलं आणि म्हणाल्या, “जा, सांगून ये.”

“कोनी बघला नाय, आये.”

“तुला तं म्हाईत हाय ना? मंग जा.”

गेले. दिनानाथांनी कान पिळला आणि दुपारभर बांधावर चिखल लिंपायला लावला. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा पहिला धडा त्यांचा. दुसरा मिरियमबाईंचा.

मिरियमबाई पनवेलच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातलेच ज्यू. घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी, कालवणात नारळ, आणि त्यांच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा. फक्त शनिवारी त्यांना धर्मानं काम चालत नसे. मोठ्या बाईंनी त्यांचा शनिवारचा वर्ग दुसऱ्या कोणाला लावून दिला होता, म्हणजे प्रश्न मिटला होता. पण बाई रविवारी सकाळी मुलांना स्वतःच्या अंगणात बोलवायच्या आणि शनिवारचा धडा पुन्हा घ्यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. हे खाडीकाठच्या खाजणातनं, दलदल तुडवत, दोन तास चालत यायचे, कारण धडा संपला की त्या अंगणात कबड्डी व्हायची. आगरी पोराला कबड्डीसाठी चंद्रावर बोलवा, येईल.

बाईंचे यजमान इनॉककाका रेल्वेत कारकून होते. ते खुर्ची टाकून पंच म्हणून बसायचे, हातात वर्तमानपत्र. पोरांनी गलका केला की पेपरावरून मान वर करून ‘बाद!’ म्हणायचे आणि पुन्हा पेपरात. कोण बाद, का बाद, काही पत्ता नाही. मग स्वयंपाकघरातून बाई ओरडायच्या, “अहो, तुमचं हे सगळं अंदाजपंचे चाललंय!”

झालं. ह्यांनी काय समजूत करून घ्यावी? की पंचांमध्ये दोन जाती असतात. एक साधा पंच आणि दुसरा अंदाज पंच. अंदाज पंच म्हणजे जो न बघता निर्णय देतो तो. वर्गातही बाईंचं चालूच, “महादेव, अंदाजपंचे उत्तर नको.” ह्यांना वाटायचं, बाई आपल्याला इनॉककाकांसारखं होऊ नको म्हणतायत.

एकदा बाईंनी फळ्यावर गुणाकार घातला. ह्यांचं उत्तर बरोबर आलं. बाईंनी विचारलं, “कसं काढलंस?” हे खरं बोलले, “अंदाजानं, बाई.” बाईंनी पाटीवर शून्य काढलं.

“पण बाई, उत्तर बरोबर हाय!”

“उत्तर बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “पण ते तुझं नाही.”

शेजारच्या पोरानं पाटी कोरी ठेवून ‘येत नाही’ म्हणून सांगितलं होतं. त्याच्याजवळ मात्र बाई बसल्या आणि मधली सुट्टी संपेपर्यंत शिकवत राहिल्या. हे घरापर्यंत रडत गेले. मला ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितलीय, की आता ते शून्य माझ्याच पाटीवर असल्यासारखं मला दिसतं. पण एक सांगते, बाईंची आठवण काढताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते माझी आठवण काढताना येईल की नाही याची मला खात्री नाही.

पुढे बाई आणि इनॉककाका इस्रायलला गेले. मुलगा रोनेन आधीच तिकडे होता. हे तेव्हा दहावीत. जुनी पोरं एसटी स्टँडवर निरोप द्यायला जमली होती. बाई काही तरी मोठं बोलतील म्हणून सगळे टाचा उंचावून उभे. गाडी हलली आणि बाईंनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, “महादेव, ‘पाणी’तला ण नीट उच्चारत जा रे!” आजही हे पाणी मागतात तेव्हा तो ण असा ठणठणीत येतो, की हॉटेलातली पोरं दचकतात.

आमचं लग्न झालं तेव्हा हे नुकतेच पंचांची परीक्षा पास झाले होते. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी सहज म्हटलं, “माझा स्वयंपाक सगळा अंदाजपंचे असतो हं, मापबीप घेत नाही.” हे एकदम गंभीर झाले. म्हणाले, “स्वयंपाकात पंच कुठून आला?” मला कळेचना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, सरकारी नोकरीतला, आणि समजत होता की अंदाज पंच नावाचा पंच असतो! मी हसून हसून जमिनीवर लोळले. ह्यांना ते इतकं झोंबलं, की दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी बाईंना पत्र लिहिलं. दीड महिन्यानं निळ्या पाकिटातून उत्तर आलं, तेच वळणदार अक्षर. बाईंनी लिहिलं होतं, ‘शब्द तू चुकीचा समजलास, पण अर्थ बरोबर घेतलास. या वेळी पूर्ण गुण.’ ते पत्र वाचून हा माणूस न्हाणीघरात जाऊन रडला. मी बाहेर उभी राहून ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्या शब्दावरून चिडवायचं सोडून दिलं. म्हणजे, कमी केलं.

तर असे हे पंच. नेऱ्याला एकदा हरलेल्या गावानं ह्यांना तासभर मंदिरात बसवून ठेवलं, निर्णय फिरवा म्हणून. हे म्हणाले, “मी बघितलंय. जे बघितलं ते बदलत नाही. चहा मात्र घेईन.” आमचा पुतण्या हरेश जवान असताना त्याला भरमैदानात बाद दिलं, तर माझे थोरले दीर वर्षभर आमच्या दारात आले नाहीत. मी कपाळाला हात लावायचे. पण खरं सांगू? बाजारात गेले की लोक जागा करून द्यायचे, ‘पंचकाकांच्या बाई आल्या’ म्हणून. मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

आता ह्या हरेशची मुलगी दिपिका. ती पंधरा वर्षांची. हरेश सुकापूरला राहतो, बिल्डरांना विटा-रेती पुरवतो, बरं चाललंय. पण पोरीच्या अंगात आजोबा-पणजोबांची कबड्डी उतरलीय. काटक, पायात भिंगरी, आणि दम असा की समोरच्या पोरी कंटाळतात. रोज पहाटे उठून धावायची. तालुक्याच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या संघातल्या मुली जिल्ह्याच्या शिबिराला जाणार होत्या. किशोरी गटात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. त्याआधी एकदा टायफॉइडनं घात केला, एकदा पाय मुरगळला. पुढच्या वर्षी ती वीस-वीस वर्षांच्या पोरींच्या गटात जाणार, तिथं हिला कोण विचारतंय? म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच जानेवारीत.

आणि इकडे दिवाळीपासून हे चहा कपाच्या बाहेर ओतायला लागले होते. पेपर नाकाशी धरून वाचायचे. एकदा भाजीवाल्याला आपला परेश समजून हात केला. परेश म्हणजे ह्यांनीच तयार केलेला पंच, मुलासारखा. मी म्हटलं, “अहो, डोळे दाखवा.”

“सीझन संपू दे.”

“सीझनमध्ये काय करणार? वास घेऊन निर्णय देणार?”

“मला रेषा दिसते, शशी.”

चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता, म्हणून मी विश्वास ठेवला. तिथं माझं चुकलं.

अंतिम सामना दिपिकाच्या संघाचा लागला. ह्यांनी आयोजकांना आधीच कळवलं, मुलगी माझी नात लागते, मला ठेवू नका. परेश त्या दिवशी सरपंच होता, म्हणजे मैदानातला मुख्य. तो म्हणाला, “काका, पनवेल तालुक्यात कोणाचा कोणी लागत नाही असा पंच नागपूरहून आणावा लागेल. उभे राहा.” आणि हे उभे राहिले.

मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, दुपारचे साडेचार. मी आणि हरेश मंडपात पुढच्या खुर्च्यांवर. सामना असा रंगला की मी माझ्या हातातली भेळ कोणाला दिली मला आठवत नाही. शेवटची चढाई, दिपिकाची. तिचा संघ एका गुणानं मागं. ती गेली, दोघींना शिवली, आणि परत फिरणार तोच चौघींनी तिला धरलं. सगळ्या मध्यरेषेजवळच कोसळल्या. दिपिकाचा उजवा हात त्या ढिगाऱ्यातून बाहेर आला आणि रेषेकडे सरकला. रेषेला बोट लागलं तर सामना आपला, नाही तर गेला. आणि त्या बाजूला, तिच्या हातापासून दोन पावलांवर, हे उभे.

शिट्टी झाली. निम्मं मैदान ओरडत होतं, ‘लागला! लागला!’, निम्मं ओरडत होतं, ‘नाही, नाही!’ परेशनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी दोन्हीपैकी कोणत्याच बाजूला हात केला नाही. परेश जवळ आला. मंडप एकदम शांत झाला, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

“मला दिसलं नाही,” हे म्हणाले.

“काका, हात करा ना एका बाजूला.”

“नाही दिसलं रे. मला रेषाच दिसत नाही.”

परेशनं दुसऱ्या पंचाला, दयारामला विचारलं. तो पलीकडच्या बाजूला होता, त्याच्यासमोर मुलींच्या पाठी. तो म्हणाला, हात अलीकडेच राहिला. परेशनं निर्णय दिला, बाद. सामना गेला.

दिपिका मातीतून उठली ती किंचाळतच. “लागला होता! आजोबा, तुमच्या पायाजवळ लागला होता!” तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. हे तिच्याकडे तोंड करून उभे होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. आता कळतं, ती नेमकी कुठे उभी आहे ते त्यांना दिसतच नव्हतं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. “ती आपली पोर आहे! ती खोटं बोलेल का? एक हात वर केला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? तुमच्या जागी मी असते तर डोळे झाकून केला असता!”

“तेच तर,” हे म्हणाले. “डोळे झाकूनच करावा लागला असता.”

“तुमचं ते तत्त्व घालून बसा उशाला! पोरीचं वर्ष गेलं!”

त्यावर हे जे बोलले, त्यानं मी गारच पडले. म्हणाले, “शशी, हा एक सामना नाही. दिवाळीपासून मी पोरांच्या आवाजावर शिट्टी मारतोय. कोण ओरडलं, कोण गप्प झालं, त्यावरून. तुला म्हटलं रेषा दिसते, ते खोटं होतं.” ज्या माणसानं नेऱ्याच्या मंदिरात तासभर बसून निर्णय फिरवला नाही, तो माझ्यासमोर मान खाली घालून हे सांगत होता. मला त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण मी एवढी चिडले होते, की उठून आत गेले आणि दार लावलं. त्या दिवसापासून अबोला.

अबोला असला तरी कान उघडे असतात. दुसऱ्या दिवशी ह्यांनी परेशला फोन करून दिवाळीपासूनचे सगळे सामने सांगितले, गावांच्या नावांसकट. पलीकडून परेश म्हणत असावा, जाऊ द्या काका. हे म्हणाले, “सांगायचं काम माझं. कबड्डी मंडळाला काय करायचं ते करू दे.” मग एकटेच रिक्षा करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, डावा तर पूर्ण पिकलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली. मला हे सगळं केसपेपर टेबलावर ठेवून कळवण्यात आलं.

आठव्या दिवशी, रविवारी, हे पांढरा शर्ट घालून दाराशी उभे राहिले. म्हणाले, “सुकापूरला जातोय. हरेशकडे.” मला वाटलं, ह्या डोळ्यांनी हा माणूस रस्ता कसा ओलांडणार. चप्पल घातली आणि बरोबर निघाले. बोलले नाही, पण हात धरला.

हरेशच्या घरी सातव्या मजल्यावर गारठा. पाणीसुद्धा उशिरा आलं. हरेश बसायलाही तयार नाही. घरच्यांशी भांडायचं म्हटलं की त्याची गावची बोली बाहेर येते. “काका, तुमी चाळीस वर्सां लोकांना न्याय दिला. माझे पोरीलाच नाय जमला? ती घसा फोडून सांगत व्हती, लागला म्हनून. तुमचे शाळेनं तुमाला हाच शिकवला का?”

मला वाटलं, हे आता बाईंच्या शाळेचं नाव ऐकून भडकणार. पण नाही. हे दिपिका बसली होती त्या दिशेला वळले. “बाय, मी तुझी माफी मागायला आलोय. दिसलं नाही म्हणालो, त्याची नाही. मला दिसत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी तिथं उभा राहिलो, त्याची. धड डोळ्यांचा कोणी उभा असता, तर तुझा हात त्यानं बघितला असता. तुझं वर्ष माझ्या हट्टापायी गेलं.”

एकोणसत्तर वर्षांचा माणूस पंधरा वर्षांच्या पोरीला हात जोडत होता. माझा आठ दिवसांचा राग कुठं गेला, मला कळलं नाही. मी पदर तोंडाला लावला. हरेश मात्र अजून धुमसत होता, “काका, आता बोलून काय उपेग? पोरीनं सगळ्यांना सांगितला व्हता...”

“पप्पा, थांबा.” दिपिका खाली बघत होती. “आजोबा, मला पण माहीत नाय.”

“काय माहीत नाही?”

“हात लागला की नाय ते. माझे डोळे मिटले होते. सगळ्या अंगावर पडल्या होत्या, मला श्वास येत नव्हता. बोटाला काहीतरी लागलं. ती रेषा होती की नुसती माती, मला नाय माहीत.”

हरेश मटकन खाली बसला. “अगं, मंग आठ दिस तू...”

“तुम्ही सगळे माझ्या बाजूनं भांडत होता. आजी आजोबांशी बोलत नव्हती. मग मी कशी सांगणार?”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. खाली कुठेतरी गाडी रिव्हर्स घेतल्याचा तो टीं टीं आवाज येत राहिला. शिबिर त्याच दिवशी सकाळी सुरू झालं होतं, तिच्याविना. ते आता कोणाच्या खरं बोलण्यानं परत येणार नव्हतं.

हे चाचपडत उठले, तिच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसले आणि तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ वाकले. एवढ्या जवळूनही त्यांना नीट दिसत नसावं.

“रडतेस का गं, बाय?”

“नाय,” ती म्हणाली. मग तिनं नाक ओढलं. “हाय. रडतेय.”